ज्याच्या नावाचं बनियन आपण घालतो, त्या सँडोने १२५ वर्षांपूर्वीच सांगितलेलं, सगळ्यांना एकच वर्कआऊट चालत नसतो

बिनबाह्यांचं पांढरं बनियन. बाबा घालतात, गावाकडं आजोबा घालायचे, आणि जिममध्ये जाणारं पोरगं तर त्याच्याशिवाय आरशासमोर उभंच राहत नाही. दुकानात जाऊन सँडो मागितला की दुकानदार फक्त साइज विचारतो. हे सँडो नाव आलं कुठून, असा प्रश्न ना त्याला पडतो ना आपल्याला.

तर सँडो हा एक खराखुरा माणूस होता. युजेन सँडो. जर्मनीत जन्मला, इंग्लंडमध्ये मोठा झाला, अमेरिकेत स्टार झाला आणि मुंबई-कलकत्त्यापर्यंत येऊन गेला. आजच्या बॉडीबिल्डिंगचा बाप म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. मिस्टर ऑलिम्पिया जिंकणाऱ्याच्या हातात जी ट्रॉफी देतात ना, तो पुतळा याच माणसाचा असतो.

पण सँडोची गोष्ट फक्त दंडाच्या मापाची नाही. आज इन्स्टावर एखाद्या इन्फ्लुएन्सरचा रोजचा तीस सेटचा वर्कआऊट बघून पोरं दुसऱ्या दिवशी तसाच्या तसा करायला जातात, आणि आठवड्याभरात खांदा धरून बसतात. प्रत्येकाचं शरीर वेगळं, मग किती व्यायाम करायचा, किती वजन उचलायचं हे ज्याचं त्याचं वेगळंच असणार, ही गोष्ट सँडोने एकोणिसाव्या शतकातच ओळखली होती. त्यावर त्याने अख्खा धंदा उभा केला. आणि गंमत म्हणजे, याच धंद्यात त्याने एक गोष्ट लोकांपासून जरा झाकूनही ठेवली.

ती काय, हे समजून घ्यायचं तर सुरुवातीपासून सुरू करावं लागेल.

सर्कशीत पळून गेलेलं पोरगं

२ एप्रिल १८६७. प्रशियातलं कोनिग्सबर्ग शहर. हे शहर आज रशियात आहे आणि त्याचं नाव कालिनिनग्राड झालंय. इथं एका मुलाचा जन्म झाला. नाव ठेवलं फ्रेडरिक विल्हेल्म म्युलर.

सँडो पुढं आपल्या पुस्तकांत आणि मुलाखतींत एक किस्सा रंगवून सांगायचा. लहानपणी तो म्हणे फार अशक्त होता. वडिलांसोबत इटलीला गेला, तिथं त्याने जुन्या ग्रीक आणि रोमन वीरांचे संगमरवरी पुतळे बघितले आणि ठरवलं की आपलं शरीर असंच झालं पाहिजे. या किस्स्यावर त्याच्या चरित्रकारांचा फारसा विश्वास नाही. अशक्त पोरगा व्यायामाने पैलवान झाला, ही गोष्ट व्यायामाची पुस्तकं विकायला फार कामाची असते. आजच्या बिफोर-आफ्टर फोटोंचा हा आजोबाच म्हणायचा.

पण पुढचं मात्र पक्कं आहे. अठराव्या वर्षाच्या आसपास सैन्यातली सक्तीची भरती चुकवायला म्हणून पोरानं देश सोडला आणि सर्कशीत कसरती करत युरोपभर फिरायला लागला. म्युलर हे नाव मागं टाकून त्याने आईच्या माहेरच्या नावावरून सँडो हे नाव घेतलं.

फिरता फिरता तो ब्रसेल्सला पोचला. तिथं त्याला त्याचा वस्ताद भेटला.

या वस्तादाचं नाव लुडविग डुरलाखर. पण सगळे त्याला प्रोफेसर अटिला म्हणायचे. अटिला स्वतः रंगमंचावर ताकदीचे प्रयोग करायचा आणि व्यायामशाळाही चालवायचा. आपल्याकडं तालमीत वस्ताद जसा पोराकडं बघून ओळखतो की याला जोर किती द्यायचे, बैठका किती, आणि खुराक काय, तशी नजर अटिलाकडं होती. कसरती करणाऱ्या या पोरात त्याला ताकद दिसली. त्याने सँडोला जड डंबेल आणि बारबेलवर घातलं. वजन हळूहळू वाढवत न्यायचं, ही त्याची पद्धत.

सँडोचं जे शरीर पुढं जगानं बघितलं, ते या जड वजनांवर घडलं होतं. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं कामाला येणार आहे.

दुसऱ्याच्या मापाची साखळी

१८८९ साल. लंडनच्या रॉयल अक्वेरियम नावाच्या नाट्यगृहात सॅम्पसन नावाचा एक पैलवान रोज खेळ करायचा. सोबत त्याचा शिष्य सायक्लॉप्स. सॅम्पसन स्वतःला जगातला सगळ्यात ताकदवान माणूस म्हणवून घ्यायचा आणि रोज रंगमंचावरून आव्हान द्यायचा की मला हरवणाऱ्याला ५०० पौंड मिळतील. त्या काळात ही रक्कम म्हणजे साध्या कामगाराची कित्येक वर्षांची कमाई.

अटिलाने सँडोला लंडनला बोलावून घेतलं.

ऑक्टोबरच्या शेवटी सँडो प्रेक्षकांतून उठून रंगमंचावर गेला. अंगात झकास सूट होता, त्यामुळं लोकांना वाटलं कुणीतरी शौकीन बाबू आलाय. हसायला लागले. सँडोने कोट उतरवला आणि हसणं बंद झालं. पहिल्या दिवशी त्याने सायक्लॉप्सला हरवलं. काही दिवसांनी, २ नोव्हेंबरला, मुकाबला थेट सॅम्पसनशी ठरला.

सॅम्पसनचा हुकमी एक्का होता साखळी तोडणं. दंडावर साखळी किंवा कडं चढवायचं, दंड फुगवायचा आणि ते ताडकन तोडायचं. पण त्या साखळ्या त्याच्याच दंडाच्या मापानं बनवलेल्या असायच्या. दुसऱ्या कुणी घातल्या तर एकतर सैल पडायच्या नाहीतर चढायच्याच नाहीत. मग समोरचा कितीही ताकदवान असो, हरणारच.

सँडोने ही मेख ओळखली. त्याच्या आठवणींनुसार, साखळ्या बनवणारा कारागीर शोधून त्याने आपल्या दंडाच्या मापाची साखळी आधीच तयार करून आणली होती. रंगमंचावर सॅम्पसनने आपली साखळी तोडली, सँडोने आपली. पुढं जड वजनांच्या प्रयोगात सॅम्पसन मागं पडला, आणि एका रात्रीत सँडो लंडनचा लाडका झाला.

बक्षिसापेक्षा मोठी गोष्ट त्याला इथं कळली असणार. दुसऱ्याच्या मापावर आपलं शरीर जोखायला गेलं की आपण हरतो. पुढच्या आयुष्यात त्याने लोकांना विकली ती हीच गोष्ट.

वजन कुणी बघेना, सगळे दंडच बघायला लागले

१८९३ मध्ये सँडो अमेरिकेला गेला. त्या वर्षी शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. हो, स्वामी विवेकानंदांनी ज्या धर्मपरिषदेत भाषण केलं, ती परिषदही याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. त्याच काळात त्याच शहरात सँडोचे प्रयोग हाउसफुल चालले होते.

त्याचा मॅनेजर होता फ्लोरेन्झ झिगफेल्ड, जो पुढं ब्रॉडवेचा बादशाह झाला. झिगफेल्डच्या लक्षात आलं की सँडो किती किलो उचलतो याच्याशी लोकांना फार देणंघेणं नाही. लोक त्याचं शरीर बघायला येतायत. मग वजनं उचलण्याच्या जोडीला एक नवाच प्रकार सुरू झाला. सँडो मंचावर उभा राहायचा, प्रकाश सोडला जायचा, आणि तो एकेक स्नायू आखडून दाखवायचा. आज ज्याला पोझिंग म्हणतात, ते घराघरांत पोचवलं ते या प्रयोगांनी.

१८९४ च्या मार्चमध्ये थॉमस एडिसनच्या स्टुडिओत सँडोची फिल्म काढली गेली. सिनेमा तेव्हा जेमतेम जन्माला आला होता. काही सेकंदांची ही फिल्म आजही टिकून आहे. एका अर्थाने जगातली पहिली फिटनेस रील म्हणा ना.

हार्वर्ड विद्यापीठात डडली सार्जंट नावाचे डॉक्टर होते. हजारो विद्यार्थ्यांच्या शरीराची मापं घेऊन त्यांचा अभ्यास करणारा हा माणूस. त्यांनी सँडोची तपासणी केली आणि इतकं प्रमाणबद्ध शरीर आपण बघितलं नसल्याचा निर्वाळा दिला. सार्जंट यांची एक पद्धत होती. आधी विद्यार्थ्याची मापं घ्यायची, कुठं कमी आहे ते बघायचं आणि मग त्यानुसार व्यायाम सांगायचा. आधी माप आणि मग व्यायाम, हाच क्रम पुढं सँडोच्या धंद्यातही दिसतो.

त्याच वर्षी सँडोने ब्लांश ब्रुक्स हिच्याशी लग्न केलं. पुढं दोन मुली झाल्या. प्रयोगांच्या दगदगीने तब्येत कुरकुरायला लागली, आणि सँडो इंग्लंडला परतला. आता त्याला रंगमंचावर घाम गाळण्यापेक्षा मोठं काहीतरी करायचं होतं.

वयानुसार तक्ता, मापानुसार व्यायाम

१८९७ मध्ये सँडोने ताकद कशी कमवायची यावर एक पुस्तक काढलं. ते धडाधड खपलं. त्यातला सगळ्यात कामाचा भाग म्हणजे तक्ते.

तोवर व्यायाम म्हणजे शाळेत आणि लष्करात होणारी कवायत. शंभर जण रांगेत उभे, सगळ्यांना एकच हुकूम, सगळ्यांच्या हातात एकच वजन. सँडोच्या पुस्तकात मात्र लहान मुलांचा तक्ता वेगळा, वाढत्या वयातल्या मुलामुलींचा वेगळा, मोठ्या बायकांचा वेगळा आणि मोठ्या पुरुषांचा वेगळा. कोणता व्यायाम किती वेळा करायचा, तो आकडा किती दिवसांनी किती वाढवायचा, सगळं लिहिलेलं. आजच्या भाषेत सांगायचं तर त्याने व्हॉल्यूम माणसागणिक बदलला, आणि तो हळूहळू कसा वाढवायचा हेही सांगितलं.

बायकांनी डंबेल उचलावेत असं म्हणणं त्या काळात धाडसाचं होतं. उच्चभ्रू बायका तेव्हा पोट आवळणारे कॉर्सेट घालून श्वास रोखून जगायच्या. सँडोने त्यांच्यासाठीही वेगळा तक्ता दिला.

त्याच सुमाराला त्याने लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर व्यायामसंस्था उघडली. जागा अशी की आजूबाजूला सगळे लॉर्ड आणि साहेब लोकांचे क्लब. इथं येणाऱ्याला थेट डंबेल दिले जात नसत. आधी तपासणी व्हायची. छाती, दंड, मांडी, पोटरी अशी मापं घेतली जायची. कामधंदा काय, आधीचं दुखणं काय, हे बघितलं जायचं. मग त्याला त्याचा व्यायाम मिळायचा. काही आठवड्यांनी पुन्हा मापं घेऊन फरक बघितला जायचा.

ज्यांना लंडनला येणं जमत नव्हतं त्यांच्यासाठी पोस्टाने शिकवणी होती. लोक आपली मापं लिहून पाठवायचे आणि उलट टपाली त्यांना व्यायामाचा कागद यायचा. आज ऑनलाइन कोचिंगवाले गुगल फॉर्म भरून घेतात, तेच काम तेव्हा पोस्टमन करायचा.

साधनंही त्याने तशीच बनवली. त्याचा स्प्रिंग-ग्रिप डंबेल फार गाजला. हा डंबेल उभा चिरून दोन भाग केलेला, आणि मध्ये स्प्रिंगा. व्यायाम करताना मूठ आवळून दोन्ही भाग सतत दाबून धरायचे. मूठ सैल सोडली की भाग वेगळे होणार. म्हणजे लक्ष ढळलं की लगेच कळणार. ताकद वाढेल तशी स्प्रिंगांची संख्या वाढवता यायची. एकाच डंबेलवर नवरा, बायको आणि पोरगा आपापल्या ताकदीनुसार व्यायाम करू शकत होते.

त्याचा अजून एक आग्रह होता. व्यायाम करताना मन त्या स्नायूवर पाहिजे. शक्यतो आरशासमोर करा, कोणता स्नायू काम करतोय ते बघा आणि अनुभवा. आज जिममध्ये ट्रेनर ज्याला माइंड-मसल कनेक्शन म्हणतात, ते दुसरं काही नाही.

परीक्षक म्हणून शेरलॉक होम्सचा लेखक

आपली पद्धत चालते हे दाखवायला सँडोने स्पर्धा जाहीर केली. आधी इंग्लंडमध्ये जिल्ह्याजिल्ह्यांत फेऱ्या झाल्या. त्यातून निवडलेले ६० जण १४ सप्टेंबर १९०१ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये उतरले. मोठ्या प्रमाणावर भरवलेली ही जगातली पहिली बॉडीबिल्डिंग स्पर्धा मानली जाते.

परीक्षक तिघं. एक सँडो, दुसरा शिल्पकार चार्ल्स लॉज आणि तिसरे सर आर्थर कॉनन डॉयल, म्हणजे शेरलॉक होम्सचे लेखक. डॉयल यांना स्वतःला व्यायामाची आवड होती.

मुद्दा असा की या स्पर्धेत सगळ्यात मोठा दंड असणारा जिंकणार नव्हता. शरीराचा समतोल, स्नायूंचा कस, त्वचा, एकूण तब्येत, हे सगळं बघायचं ठरलं होतं. नॉटिंगहॅमचा विल्यम मरे जिंकला. त्याला सँडोचा सोनेरी पुतळा मिळाला. मिस्टर ऑलिम्पियाची आजची ट्रॉफी त्याच धाटणीची आहे.

सँडो भारतात आला आणि औंधमध्ये काय झालं

१९०४ मध्ये सँडो जगाच्या दौऱ्यावर निघाला आणि १९०५ मध्ये भारतात त्याचे प्रयोग झाले. कलकत्ता, मुंबई अशा शहरांत लोकांनी गर्दी केली. तेव्हा इंग्रज लोक भारतीयांना, त्यातही शिकलेल्या पांढरपेशांना, अशक्त म्हणून हिणवायचे. शरीर कमावणं हा त्यामुळं स्वाभिमानाचा प्रश्न झाला होता. सँडो हे नाव इथं इतकं चिकटलं की ती पदवीच होऊन बसली. आंध्रचे प्रसिद्ध पैलवान कोडी राममूर्ती नायडू यांना लोक इंडियन सँडो म्हणायचे. राजेश खन्नाचा 'हाथी मेरे साथी' ज्यांनी काढला, ते तमिळ निर्माते चिन्नप्पा देवरही आपल्या नावाआधी सँडो लावायचे. बिनबाह्यांच्या बनियनला सँडो म्हणायला लागले तेही याच लाटेत.

पण महाराष्ट्रातली सगळ्यात भारी गोष्ट घडली ती औंधमध्ये. पुण्यातलं नाही, साताऱ्याकडचं औंध संस्थान.

तिथले भवानराव पंतप्रतिनिधी, जे पुढं १९०९ मध्ये गादीवर आले, त्यांनी सँडो भारतात यायच्या आधीच, १८९७ च्या सुमाराला, त्याची साधनं आणि पुस्तकं मागवून घेतली होती. पुढची जवळपास दहा वर्षं त्यांनी सँडोचा व्यायाम नेमाने केला. फायदाही झाला.

आणि मग त्यांनी तो सोडला.

कारण त्यांना आपल्या मातीतलं दुसरं काहीतरी जास्त लागू पडलं, ते म्हणजे सूर्यनमस्कार. त्याला साधन लागत नाही, पैसा लागत नाही, आणि लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत ज्याला जितके झेपतील तितके घालता येतात. भवानरावांनी ते स्वतः घातले, घरच्यांकडून घालून घेतले आणि औंधच्या शाळांमध्ये सुरू केले. त्यावर पुस्तक लिहिलं. १९३८ मध्ये त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये छापलं गेलं. ज्या लंडनहून व्यायाम औंधला आला होता, तिथंच औंधचा व्यायाम जाऊन पोचला.

एखादी पद्धत दहा वर्षं प्रामाणिकपणे करायची, तिच्यातलं घ्यायचं ते घ्यायचं आणि आपल्याला, आपल्या माणसांना जे झेपतं त्याकडं वळायचं. सँडोच्या शिकवणीचा अर्थ सँडोच्या दुकानाबाहेर जाऊन कुणी नीट लावला असेल तर तो औंधच्या राजांनी.

आता ती झाकून ठेवलेली गोष्ट

सँडोचं स्वतःचं शरीर अटिलाच्या हाताखाली जड वजनांवर घडलं होतं, हे आपण वर बघितलं. पण पुस्तकात मोठ्या पुरुषांनाही तो साधारण पाच पौंडांचे, म्हणजे सव्वादोन किलोचे डंबेल सांगत होता. वाचणाऱ्याला वाटायचं, हे हलके डंबेल रोज पंधरा-वीस मिनिटं हलवले की आपणही सँडोसारखे होणार. त्या काळातल्या इतर पैलवानांनी यावरून त्याच्यावर बरीच टीका केली.

सँडो पूर्ण खोटं बोलत होता का? नाही. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या कारकुनाच्या हातात पहिल्याच दिवशी चाळीस किलोचा बारबेल देणं धोक्याचं होतं. त्याच्यासाठी हलकं वजन आणि वाढत जाणाऱ्या रेप्स ही सुरुवात योग्यच होती. पण हलके डंबेल पोस्टाने पाठवायला सोपे आणि विकायलाही सोपे, हेही तितकंच खरं.

आजचं विज्ञान या भांडणात दोघांनाही थोडं थोडं बरोबर ठरवतं. हलक्या वजनानेही स्नायू वाढतात, पण एका अटीवर. सेट संपेपर्यंत स्नायू खरंच थकला पाहिजे, पुढची रेप निघणं अवघड झालं पाहिजे. पाच पौंड नवख्याला थकवतात. सहा महिन्यांनी तेच पाच पौंड हवेसारखे वाटतात. तिथून पुढं वजन वाढवलं नाही तर फक्त आकडा वाढतो, दंड नाही. आणि ताकदच वाढवायची असेल तर जड वजनाला पर्याय नाही.

हे गणित दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने नीट बसवलं. त्याच्याकडं जखमी सैनिक यायचे. त्याने प्रत्येकासाठी ते वजन शोधलं जे तो जेमतेम दहा वेळा उचलू शकतो, आणि त्या आकड्यावरून त्याचे सेट ठरवले. ताकद वाढली की वजन वाढवलं. म्हणजे तक्ता वयावरून ठरत नव्हता, समोरच्या माणसाच्या त्या दिवशीच्या ताकदीवरून ठरत होता. सँडोच्या पद्धतीला जे कमी पडत होतं ते हेच.

माणसागणिक फरक किती असतो? २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ५८५ जणांकडून बारा आठवडे एका हाताचा सारखाच व्यायाम करून घेतला. काहींचा स्नायू जवळपास ६० टक्क्यांनी वाढला. काहींचा अजिबात वाढला नाही, उलट एखाद दोन टक्के कमीच भरला. ताकदीतही तसंच. काहींची होती तिथंच राहिली, तर काहींची अडीचशे टक्क्यांपर्यंत वाढली. व्यायाम तोच, आठवडे तेवढेच.

म्हणून मित्राला लागू पडलेला वर्कआऊट आपल्याला लागू पडला नाही तर आपण आळशी आहोत असं लगेच समजायचं कारण नाही. मात्र त्याचा अर्थ व्यायाम सोडणं असाही नाही. आपलं माप शोधावं लागतं.

ते शोधायची पद्धत सँडोच्याच संस्थेतली आहे. थोड्यापासून सुरू करायचं. एका स्नायूला आठवड्यात मोजके, पण मन लावून केलेले सेट. वजन आणि रेप्स वहीत लिहायच्या. आकडे वर सरकतायत तोवर काही बदलायचं नाही. आकडे थांबले आणि अंगात दम शिल्लक आहे असं वाटलं, तर सेट थोडे वाढवायचे. आकडे थांबले आणि झोप बिघडली, सांधे कुरकुरायला लागले, जिमला जायचं नाव नको वाटायला लागलं, तर सेट कमी करायचे. रात्रपाळी करणारा, दिवसभर ओझी उचलणारा आणि घरून लॅपटॉपवर काम करणारा, तिघांना सारखा व्यायाम झेपणार नाही. एखाद्या व्यायामाने दरवेळी तोच सांधा दुखत असेल तर तो व्यायाम बदलायचा. ड्रॉप सेट, सुपर सेट वगैरे प्रकार वेळ वाचवायला चांगले आहेत, पण ते केल्याशिवाय बॉडी बनत नाही असं काही नाही.

शेवटचा डाव

लंडनमध्ये सँडोची गाडी सुसाट होती. १९०४ मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाच्या नावात बॉडीबिल्डिंग हा शब्द होता, आणि तो शब्द जगभर झाला. १९०६ मध्ये तो ब्रिटिश नागरिक झाला. १९११ मध्ये राजा पंचम जॉर्जने त्याला आपला शास्त्रीय व्यायामाचा प्रोफेसर नेमलं.

पण इथं त्याचा हात सुटला. माणूस बघून व्यायाम सांगणारा सँडो आता सगळ्या दुखण्यांवर एकच औषध विकायला लागला. अपचन, निद्रानाश, लठ्ठपणा, काहीही असो, सँडोकडं या. बायकांसाठी सँडो कॉर्सेट आलं. ताकद वाढवणारा सँडो कोको आला. कोकोच्या बाजारात आधीच मोठमोठ्या कंपन्या होत्या. त्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. इंग्लंडमध्ये जर्मन म्हटलं की लोक दात-ओठ खायचे, आणि सँडो कितीही ब्रिटिश झाला तरी जन्माने जर्मनच. कोकोची कंपनी बुडाली. तो व्यायाम शिकवत राहिला, लिहीत राहिला, पण जुने दिवस काही परत आले नाहीत.

१४ ऑक्टोबर १९२५ रोजी लंडनमध्ये त्याचा मृत्यू झाला. वय फक्त ५८. खड्ड्यात गेलेली मोटार एकट्याने उचलायला गेला आणि मेंदूतली नस तुटली, असा किस्सा तेव्हापासून सांगितला जातो. अशक्त पोराच्या किस्स्यासारखाच हाही कुणीतरी रंगवलेला असण्याची शक्यता जास्त.

पुटनी व्हेल स्मशानभूमीत त्याला पुरलं. बायको ब्लांश इतकी नाराज होती की तिने थडग्यावर नावाचा दगडही बसवू दिला नाही. ज्या माणसाचे फोटो घराघरांत लागले होते, त्याचं थडगं जवळपास ऐंशी वर्षं बिननावाचं राहिलं. २००२ मध्ये एका चाहत्याने तिथं पहिल्यांदा दगड बसवला. पुढं त्याच्या पणतूने नवीन स्मारक उभं केलं.

थडग्यावर नाव नव्हतं त्या सगळ्या वर्षांत भारतातल्या हजारो दुकानांत मात्र ते नाव रोज घेतलं जात होतं. आजही घेतलं जातं. आणि त्यावर दुकानदार जो प्रश्न विचारतो, तोच प्रश्न सँडो आपल्या संस्थेत आलेल्या प्रत्येकाला डंबेल देण्याआधी विचारायचा. साइज काय?